मिठावर गाडी घालण्याआधी

आमच्या घरात खारवट जमिनीबद्दल सगळ्यात जास्त कोणाला कळतं, तर मला. ही फुशारकी नाही, नोकरीच तशी होती. कृषी सहायक म्हणून बत्तीस वर्षं काढली, त्यातली पहिली नऊ दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. तिथलं विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही आणि उन्हाळ्यात शेतावर मिठाचा पांढरा पापुद्रा चढतो. पुढची तेवीस वर्षं कळमेश्वर तालुक्यात गेली. किती शेतांतली माती मी या हातांनी नमुन्याच्या पिशवीत भरली, देवाला ठाऊक. आणि ऑक्टोबरातल्या त्या रविवारी नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्याच घरात, आमच्याच जेवणाच्या टेबलावर, जगातल्या सगळ्यात मोठ्या मिठाच्या मैदानांपैकी एकावर गाडी घालायची चर्चा चालली होती, आणि मला एवढंच विचारण्यात आलं की चहात आलं आहे का.

टेबलाभोवती तिघं होते. माझा मुलगा अमोल, हिंगण्याच्या एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. सून श्वेता, शाळेत गणित शिकवते. आणि श्वेताचा धाकटा भाऊ रोहित. रोहितकडे फोर बाय फोर जीप आहे आणि तो दोनदा लडाखला जाऊन आलाय. ही दुसरी गोष्ट कोणी विचारली नाही तरी तो सांगतो.

जागेचं नाव मकगाडीकगाडी. आफ्रिकेत बोट्स्वाना नावाचा देश आहे, तिथे. आपल्या अख्ख्या नागपूर जिल्ह्याहून मोठं, सपाट, पांढरं. झाड नाही, दगड नाही, रस्ता नाही. कडेच्या गवतात झेब्र्यांचे कळप, पाणी साचलं की फ्लेमिंगो. तिथे भाड्याची गाडी घ्यायची, जिच्या टपावर तंबू असतात, आणि आपणच चालवत आरपार जायचं, असा रोहितचा बेत होता.

जूनमध्ये श्वेताने मला त्याचा व्हिडिओ पाठवला होता. "आई, पहा किती मस्त आहे," एवढंच लिहून. तो मी किती वेळा पाहिला ते तिला सांगितलेलं नाही. दर्यापूरला असताना मी अशा जमिनीचे तुकडे पाहायची, अर्ध्या एकराचे, एकराचे. मालक त्यांच्याकडे पाहून तोंड वाकडं करायचे आणि मी अहवालात 'नापीक' लिहायची. इथे तीच जमीन क्षितिजापर्यंत पसरलेली आणि तिच्यावरून हजार-हजार झेब्रे चाललेले. मी जिला नापीक म्हणत आले, तिच्यावर एवढा जीव जगतो, हे मला माझ्या डोळ्यांनी पाहायचं होतं. इतकी ओढ मला लग्नानंतर कशाचीच लागली नव्हती.

चहा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "किती जण चालले?"

"तिघं," अमोल नकाशावरून नजर न काढता म्हणाला. "मी, श्वेता आन् रोहित."

"आन् मी?"

तिघांनी एकदम वर पाहिलं. जणू टेबलच बोललं.

"आई, तुले नाही झेपणार," अमोल म्हणाला. "रस्ता नाही, संडास नाही, टपावर शिडीनं चढून झोपा लागते. तुझे गुडघे किती दुखते."

"गुडघे माझे आहे. त्यायचं मी पाहीन."

"आन् घरी कोणी पाहिजे ना."

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. घरी कोणी पाहिजे म्हणजे मी पाहिजे. कुलूप विकत मिळतं, एवढं म्हणून मी खुर्ची ओढली आणि नकाशासमोर बसले.

"कोणत्या महिन्यात जाऊन राहिले?"

"एप्रिल," रोहित म्हणाला. "ताईच्या परीक्षा आटोपते, सुट्टी लागते. झेब्रे तोपर्यंत मैदानातच राहते. आन् एप्रिल म्हणजे कडक ऊन, काकू. सगळं वाळून खडखडीत."

"तिथं पाऊस कधी सरते?"

त्याने मोबाईलवर बोट फिरवलं. "नोव्हेंबरपासून मार्च. कधी कधी एप्रिलच्या सुरवातीपर्यंत."

"मंग तिथला एप्रिल म्हणजे आपला ऑक्टोबर झाला ना गा. पाणी आत्ताच सरलेलं. वरून वाळलं दिसन, आत निरा चिखल. गाडी फसन."

"काकू," रोहित हसून म्हणाला, "एप्रिल म्हणजे एप्रिल. तुम्ही टेन्शन काहून घेऊन राहिल्या?"

आता यात एकट्या रोहितला दोष देऊन उपयोग नाही. नागपूरच्या माणसाला एप्रिल म्हणजे कूलरमध्ये नवीन वाळा भरायचा महिना, हे कोणी शिकवावं लागत नाही, ते अंगातच असतं. कॅलेंडरवर एप्रिल दिसला की आमच्या डोळ्यांसमोर पृथ्वी आपोआप वाळते. अमोलने मान डोलावली. श्वेता गणिताची, तिने तीन-चार महिने बोटांवर मोजले, जरा थांबली, पण भावापुढे बोटं मिटून घेतली. उद्याचा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी गाडीचं बुकिंग पक्कं करायचं ठरलं होतं.

"एक काम करू," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी माह्या वावरात चाला. पाऊस उघडून तोपर्यंत नऊ-दहा दिवस होते. खालचा तुकडा यंदा पेरलाच नाही, पडीत आहे. रोहित, तू तुह्या जीपनं या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत जाऊन दाखव. गेला, तर मी तोंडातून शब्द काढणार नाही, घर सांभाळीन. फसला, तर मी तुमच्यासंगं येईन आन् तारीख मी सांगीन."

"काकू, तुमचं वावर किती, दोन एकर?"

"हो."

"लडाखले मी नदीतून गाडी काढली आहे."

"मंग तुले काय्‌चं भेव आहे?"

तो आठवडा मी मोबाईलला चिकटून काढला. घरात कोणी नसताना तिथल्या पावसाचे आकडे पाहिले, झेब्रे कोणत्या महिन्यात कुठे असतात ते वाचलं. इंग्रजी अडलं की थांबायचं, पुन्हा वाचायचं. चुकले असते तर आयुष्यभर घर सांभाळत बसायची वेळ आली असती, पण भीती वाटली नाही. माती माझ्याशी कधी खोटं बोललेली नाही.

रविवारी सकाळी काटोल नाक्यावरून कळमेश्वरच्या रस्त्याला लागलो. रोहितने गाणी लावली होती. माझं वावर गावाच्या अलीकडे आहे, वरचा भाग चढावर, तिथे तूर उभी होती, आणि खालचा तुकडा खोलगट. तिथे पावसाळाभर पाणी साचतं. वावर ठोक्याने, म्हणजे वर्षाची ठरलेली रक्कम देऊन, रामाजी करतात. त्यांना मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की ट्रॅक्टर घेऊन आंब्याखाली बसा आणि तोंड उघडू नका. पहिली गोष्ट त्यांनी पाळली.

"मॅडम, या पोट्ट्यायले काहून..." असं त्यांनी सुरू केलं आणि मी डोळे वटारले.

खालचा तुकडा दिसायला देखणा होता. राखाडी रंगाचा, सपाट, उन्हाने तडकलेला. रोहितने बुटाची टाच दोनदा आपटली. टणक आवाज आला. अमोलनेही आपटून पाहिली.

"पक्की आहे," रोहित म्हणाला. "काकू, लिहून घ्या."

अमोल त्याच्या शेजारी बसला. श्वेता माझ्याजवळ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहिली. जीप उतरली, दहा फूट छान गेली, वीस फूट गेली. रोहितने खिडकीतून हात बाहेर काढून मला अंगठा दाखवला आणि तेवढ्यात पुढचं डावं चाक खाली गेलं. त्याने रेस दाबली. चाकं फिरली, काळ्या मातीचे गोळे उडाले, मागची चाकंही बसली. त्याने आणखी दाबली. दोन मिनिटांत जीप पोटावर टेकली.

अमोल दार उघडून उतरला आणि नडगीपर्यंत आत गेला. पाय ओढला तर पाय आला, चप्पल आली नाही. मी हसले. मोठ्याने हसले, लपवलं नाही. आठवडाभर ज्या पोरांनी मला चहा करायला लावला, त्यांच्यापैकी एक जण एका पायावर उभा होता आणि दुसरा स्टिअरिंग धरून समोर पाहत बसला होता. एवढं सुख घ्यायचा माझा हक्क होता.

"म्या सांगतलं असतं," रामाजी म्हणाले, "पण मॅडमनं मना केलं."

ट्रॅक्टर पक्क्या धुऱ्यावरच उभा केला, साखळी लांब टाकली. पहिल्यांदा साखळी सुटली. दुसऱ्यांदा रामाजींनी स्वतः चिखलात झोपून आकडा अडकवला. गाडी बाहेर यायला पाऊण तास लागला. आली तेव्हा तिचा रंग कोणता होता ते ओळखू येत नव्हतं. रामाजींनी कपाळ पुसलं आणि सहज विचारलं, "मंग मॅडम, तिथं आफ्रिकेत ट्रॅक्टर कोनाचा हाय?"

अमोलने रोहितकडे पाहिलं, रोहितने जमिनीकडे. श्वेताचा चेहरा उतरला होता. तिने माझा दंड धरला होता, ते मला तेव्हा कळलं.

"तिथं माणूसच नाही," ती म्हणाली. "शंभर-शंभर किलोमीटर कोणी नाही. मोबाईल लागत नाही. अमोल, आपण नको जाऊ. दुबई पाहू, नाही तर घरीच राहू."

"हो," अमोल लगेच म्हणाला. "कॅन्सलच करू."

रोहित लडाखचं नाव घेईल म्हणून मी वाट पाहिली. त्याने नाही घेतलं. "ताई बराबर आहे," एवढंच म्हणाला.

माझं हसू तिथेच गेलं. पैज मी जिंकले होते आणि जिथे जायचं, ती जागाच हातातून सुटत होती. मी त्यांना घाबरवायला आणलं नव्हतं, शहाणं करायला आणलं होतं. आणि तिघंही माझ्या डोळ्यांदेखत दुबईच्या मॉलमध्ये शिरत होते.

"थांबा," मी म्हटलं. "जागा वाईट नाही. तारीख वाईट आहे. रामाजी, पहार द्या."

खालच्या तुकड्यात कडेला मी पहारीने कोपरभर खड्डा केला. आतली माती मुठीत घेतली, दाबून लाडू वळला आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. तो थप्पकन पडला आणि चपटा झाला. मग तुरीच्या वर, जिथे भुईमूग काढून मोकळी जमीन पडली होती, तिथे त्यांना नेलं. तेवढाच खड्डा, तेवढाच लाडू. सोडला तर फुटून भुगा झाला.

"याले वाफसा म्हणते," मी म्हटलं. "जमीन निरी ओलीबी नाही, निरी कोरडीबी नाही. लाडू फुटला तर जा. नाही फुटला तर थांबा. एवढंच आहे. माणूस मरते ते जमिनीनं नाही, घाईनं मरते."

"पण तिथं मीठ आहे, काकू," रोहित म्हणाला. आवाजात आता मस्ती नव्हती, प्रश्न होता.

"मीठ म्हणजे अजून हळू वाळन. मीठ ओल सोडत नाही. दर्यापूरले नऊ वर्षं पाहिलं मी. म्हणून एप्रिल नको, मे पण नको. आन् गाड्या ज्या चाकोरीनं गेल्या तीच चाकोरी धरायची, नवा रस्ता काढायचा नाही. शंका आली तर मी पुढे पायी चालन, पहार घेऊन. तू मागून गाडी आण. चाल, आत्ताच करून दाखवते."

भुईमुगाच्या मोकळ्या जमिनीत मी पुढे, जीप मागे. दर वीस पावलांवर पहार मारायची, पाहायचं, हात हलवायचा. एका ठिकाणी पहार जास्तच सहज गेली, तिथून मी त्याला डावीकडे वळवलं. रोहितने एकदाही हॉर्न वाजवला नाही, एकदाही पुढे घाई केली नाही. गाडी या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत गेली. गुडघे दुखले, पण ते मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. गाडीतून उतरून रोहित माझ्या पाया पडला. नाटकी आहे तो, पण त्या वेळी मनापासून पडला.

आंब्याखाली बसलो. रामाजींच्या घरून आलेल्या भाकरी आणि ठेचा होता. श्वेता आता सावरली होती.

"मंग कधी जायचं, आई?" तिने विचारलं.

"ऑक्टोबर. पुढच्या वर्षीचा. पाच-सहा महिने ऊन खाल्लेलं राहते, सगळं कडक. झेब्रे तेव्हा मैदानात नसते, पश्चिमेला बोटेटी नावाची नदी आहे, तिच्यावर पाण्याले येते. हत्तीबी येते. चाळीस अंश ऊन राहते म्हणते."

"चाळीस?" अमोल म्हणाला. "चाळीसमध्ये तर आपण कूलर दोनवर ठेवतो."

"आन् पुढच्या वर्षी दिवाळी लवकर आहे. मोबाईलमध्ये पाहिलं मी. वीस-एकवीस ऑक्टोबर. श्वेताले तेव्हाच सुट्टी."

मला वाटलं होतं, दोघं उडी मारतील. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. श्वेताने भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"ऑक्टोबर तर आम्ही पयल्याच दिवशी काढून टाकला होता, आई," ती म्हणाली. "सगळीकडे ऑक्टोबरच चांगला लिहिलं होतं. एप्रिल कुठंच नव्हतं."

"मंग?"

अमोल बोलला. "दिवाळीत तुले एकटी सोडून कसं जायचं? आन् तुले न्यायचं म्हटलं तर घर बंद ठेवा लागते. बाबा गेल्यापासून लक्ष्मीपूजन तू एकदाबी चुकवलं नाही. दिवसभर राबते, बाबाचा फोटो पुसते, हार घालते. ते तुह्यापासून कोण काढन? म्हणून एप्रिल धरला. मंग रोहितले म्हटलं, एप्रिल कसा बसन ते तू पाह्य."

म्हणजे तो चुकीचा एप्रिल माझ्यामुळे आला होता. आठ दिवस मी यांच्यावर जळफळत होते की मला कोणी विचारात घेत नाही, आणि यांनी विचार केला होता तो माझाच. फक्त मला विचारलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी रागावले.

"कोणी सांगतलं तुमाले, मले दिवाळी पाहिजे म्हणून?"

"आई, तूच तर..."

"मी तुमच्यासाठी करते! पोराचा बाप नाही, निदान घरात दिवे तरी दिसावे म्हणून. चकल्या तळते त्या तुम्ही खाता म्हणून. मले त्या दिवशी त्या घरात बसवत नाही, अमोल. तुह्या बाबाच्या हातानं होत होतं ते पूजन. पाच वर्षं मी त्या पाटासमोर बसून फक्त कधी संपते याची वाट पाहून राहिली."

रामाजी उठून ट्रॅक्टरकडे गेले. त्यांना कधी उठायचं ते कळतं.

मग श्वेता हळूच म्हणाली, "आई, तुमचा पासपोर्ट काढा लागन. उद्याच फॉर्म भरू. वर्ष आहे हातात, होऊन जाईन."

"आहे," मी म्हटलं.

"काय आहे?"

"पासपोर्ट. कपाटात, साड्यायच्या खाली."

अमोलने माझ्याकडे असं पाहिलं की मला नजर चुकवावी लागली. "कधी काढला तू?"

"तुहे बाबा गेले, त्यानंतरच्या पहिल्या दिवाळीनंतर. पोलिसायचा माणूस आला तेव्हा तुम्ही दोघं ड्युटीवर होते."

"कुठं जाणार होती?"

"कुठंबी. पुढच्या दिवाळीले त्या घरात नव्हतं राहायचं मले. मंग दिवाळी आली, तू म्हणाला, आई, अनारसे करशील ना. मी तांदूळ भिजत घातले." इतकं सांगितलं आणि मला थांबता येईना. "पाच वर्षं झाली. एकपण शिक्का नाही त्याच्यावर."

अमोल उठला. मला वाटलं, तोही रामाजींसारखा ट्रॅक्टरकडे जाईल. पण तो माझ्याजवळ येऊन मातीतच बसला, एका पायात चप्पल, दुसरा पाय चिखलाने काळा. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते पुसत नव्हता. पोरगा सदतीस वर्षांचा आहे, पण बापाच्या वेळीही माझ्यासमोर रडला नव्हता. मी सावरावं म्हणून त्याने आणि त्याने सावरावं म्हणून मी, असे आम्ही दोघांनी पाच वर्षं दिवे लावले होते.

"आई," तो म्हणाला, "दिवाळीचं तिकीट काढू?"

"विचारतो काय गा," मी म्हटलं. "काढ. आन् खिडकीची जागा मले."